सोळाव्या वर्षाची लस

आपल्या मराठीत ‘देवी’ या शब्दाचा एक अर्थ रोग असाही आहे. रोग हा देवीचा कोप मानला गेला आणि पुढे लस टोचण्यालाही लोक ‘देवी काढणे’ असेच म्हणू लागले. भारतात ही लस प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. १९८० साली जगातून देवीच्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. आजीच्या दंडावरचा तो वाटोळा व्रण आमच्या पिढीच्या दंडावर नाही, याचे कारण एवढेच.

लसीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तान्हे मूल येते. १९८५ पासून देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम चालू आहे. जन्मल्याबरोबर बीसीजी व पोलिओ, दीड महिन्यापासून पुढचे डोस, नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेला, पाचव्या-सहाव्या वर्षी त्रिगुणी लसीचा बूस्टर. येथवर आया मनापासून येतात. यानंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आणखी एकेक सुई असते, हे मात्र पुष्कळांना ठाऊकच नसते. प्रस्तुत लेख तिच्याविषयी आहे.

या लसीला टीडी म्हणतात. टी म्हणजे धनुर्वात, डी म्हणजे घटसर्प. इंग्रजीत यातला डी मुद्दाम लहान लिपीत लिहितात, कारण घटसर्पाचा अंश तान्ह्या मुलांच्या लसीपेक्षा कमी असतो. मोठ्या वयात पूर्ण मात्रा दिल्यास हात फार सुजतो. या लसीत जिवंत जंतू नसतात. जंतूंनी तयार केलेले विष फॉर्मेलिनने निर्विष करून तेच टोचतात. शरीर त्या विषाची ओळख धरून ठेवते, पण ही ओळख वर्षांगणिक पुसट होते. घटसर्प आता मोठ्या मुलांतही आढळतो, त्याचे एक कारण हेच.

धनुर्वाताची गोष्ट आणखी निराळी. गोवराच्या बाबतीत शेजारपाजारची सर्व मुले टोचलेली असतील तर न टोचलेलेही बहुधा वाचते. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही. त्याचे बीज मातीत आणि शेणात असते, जखमेतून आत शिरते. त्यामुळे दुसऱ्याने घेतलेली लस येथे आपल्या उपयोगी पडत नाही. एकदा हा रोग होऊन मनुष्य वाचला तरी तो पुन्हा होऊ शकतो!

आता आमच्या सोलापूरचा विचार करू. सोळाव्या वर्षीची सुई बहुधा शाळेत दिली जाते. पण सोळाव्या वर्षी शाळेत असतो कोण? माझा चुलतभाऊ दहावीनंतर यंत्रमागावर जाऊ लागला. बोटाला खरचटणे हे तिथे रोजचेच. मी काकूंजवळ विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, हात सुजला तर त्याचा रोज कोण देणार?” लोक अडाणीपणाने लस टाळतात असे आपण सुशिक्षित फार सहज म्हणतो. काकूंचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, हिशेबाचा होता. दंड एक-दोन दिवस दुखतो, हे खरेच आहे. मग सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी जायचे ठरले.

डॉक्टरांनी पहिल्याने लहानपणीचे कार्ड मागितले. ते घर बदलताना गेले होते. दंडावरच्या खुणेवरून फक्त बीसीजी कळते, असे ते म्हणाले. नोंद नसेल तर लस झालीच नाही असे धरून चालतात: आज एक, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. आधी झालेली असली तरी जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही, दंड थोडा अधिक दुखेल इतकेच. सुई दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवले, कारण क्वचित एखाद्याला लगेच त्रास होतो. शिवाय या वयाची मुले सुईच्या भीतीने चक्कर येऊन पडतात. आमचा पठ्ठ्या पडला नाही, पण घामाघूम झाला होता.

नव्या कार्डावर पुढच्या दोन्ही तारखा डॉक्टरांनी लिहून दिल्या. ते कार्ड काकूंनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे आणि धाकटीला दहावे वर्ष कधी लागते तेही त्यावर मागे लिहून घेतले आहे.