खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीतील फेसयंत्र : निवड आणि निगा

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि राज्यातील असंख्य विद्यार्थ्यांना समुद्राच्या पोटातील जीवसृष्टीचे प्रथम दर्शन काचेआडून घडले. अशीच एखादी लहानशी पेटी आपल्या शाळेत, वस्तुसंग्रहालयात किंवा किनाऱ्यावरील पर्यटन केंद्रात असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र अशी पेटी मांडणे सोपे, सांभाळणे अवघड. लाटा, प्रवाह आणि भरती-ओहोटी समुद्रात जे काम अहोरात्र करीत असतात, ते पेटीत माणसालाच करावे लागते. त्यासाठीचे एक प्रमुख साधन म्हणजे प्रोटीन स्किमर, अर्थात फेसयंत्र होय.

फेसाचे कार्य

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळू लागला की त्यावर मळी येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. मळी वेळीच निघाली नाही तर गूळ बिघडतो. फेसयंत्राचे काम याच जातीचे आहे. फरक इतकाच की येथे उष्णतेऐवजी हवेचे बुडबुडे घाण वर आणतात.

माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि शेवाळाचे स्राव यांतून प्रथिनांसारखे सेंद्रिय पदार्थ पाण्यात मिसळतात. यांपैकी अनेक पदार्थांच्या रेणूंचा एक भाग पाण्याकडे ओढ घेतो, तर दुसरा पाणी टाळतो. त्यामुळे पाणी आणि हवा जेथे भेटतात तेथे, म्हणजे बुडबुड्याच्या पृष्ठभागावर, ते चिकटून बसतात. यंत्राच्या उभ्या नळकांड्यात असंख्य बारीक बुडबुडे सोडले जातात. ते वर चढतात, त्यांचा घट्ट फेस होतो आणि तो वरच्या पात्रात सांडतो. पात्रात साचणारा कोऱ्या चहासारखा काळपट, दुर्गंधीयुक्त द्रव ही यंत्र नीट चालल्याची खूण समजावी.

खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात व सहजासहजी एकमेकांत मिसळत नाहीत. गोड्या पाण्यात ते एकत्र येऊन मोठे होतात. म्हणून गोड्या पाण्याच्या घरगुती पेटीसाठी हे यंत्र घेणे व्यर्थ आहे.

मर्यादा

हे यंत्र अमोनिया किंवा नायट्रेट थेट काढीत नाही. सेंद्रिय पदार्थ कुजून त्यांचे अमोनियात रूपांतर होण्यापूर्वीच त्यांतील काही भाग ते बाहेर टाकते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, चांगली यंत्रेदेखील पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनाचा एकतृतीयांशाहून कमीच भाग काढू शकतात, असे आढळले. तेव्हा यंत्र आले म्हणजे पाणी बदलण्याची गरज संपली, हा समज चुकीचा होय. यंत्राचा आणखी एक लाभ मात्र मोठा आहे : त्याच्या योगाने पाण्यात प्राणवायू भरपूर मिसळतो.

निवड करताना

चार फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच पेटीत सुमारे ३४० लिटर पाणी मावते. वाळू व दगड टाकल्यावर प्रत्यक्ष पाणी त्याहून कमी भरते. यंत्राच्या खोक्यावर "अमुक लिटरपर्यंत" असे छापलेले असते. परंतु तो आकडा बहुधा माशांची संख्या कमी आहे असे धरून दिलेला असतो. मासे अधिक व खाद्य भरपूर असेल, तर पेटीच्या सुमारे दीडपट क्षमतेचे यंत्र घ्यावे. मासे मोजकेच असतील तर फार मोठे यंत्र घेऊ नये. पुरेशा सेंद्रिय पदार्थांअभावी त्यात फेस टिकत नाही.

यंत्राचे प्रकार मुख्यतः तीन आहेत. पहिल्यात हवेच्या पंपाला जोडलेल्या लाकडी तुकड्यातून बुडबुडे निघतात. हे स्वस्त असते, पण लाकडाची छिद्रे बुजतात आणि तुकडा वारंवार बदलावा लागतो. दुसऱ्यात वेगाने वाहणारे पाणी अरुंद तोंडातून जाताना हवा ओढून घेते. तिसऱ्यात पंपाच्या फिरत्या चाकावर बारीक सुया असतात व त्या हवेचे सूक्ष्म कण करतात. मध्यम आकाराच्या पेटीसाठी हा तिसरा प्रकार सामान्यतः सोयीचा ठरतो. पंप आपल्याकडील २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ विजेसाठी बनविलेला आहे, सुटे भाग मिळतात आणि फेसपात्र एका हाताने काढता येते, या तीन गोष्टींची खात्री खरेदीपूर्वीच करावी. जे पात्र काढणे त्रासाचे, ते धुतले जात नाही.

बसविताना

पेटीखाली वेगळी टाकी असल्यास यंत्र तिच्यात ठेवावे. तेथील पाण्याची पातळी उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे व सदैव एकसारखी असणे अगत्याचे आहे. पातळी बोटभर हलली तरी फेस बदलतो. वीज गेल्यावर वरच्या पेटीतील काही पाणी खाली उतरते. त्यासाठी खालच्या टाकीत जागा मोकळी ठेवावी. वीज वारंवार जात असेल तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असलाच पाहिजे.

बिघाड आणि उपाय

नवे यंत्र पहिले काही दिवस, क्वचित दोन आठवडेही, मनासारखे चालत नाही. आतील तेलकट थर धुऊन जाईपर्यंत धीर धरावा. रोज झडपा फिरवीत बसू नये.

फेस एकाएकी उतू जाऊ लागल्यास पाण्याची पातळी वाढली आहे काय, औषध किंवा क्लोरीन घालविणारे द्रव्य नुकतेच टाकले आहे काय, हे पाहावे. यांपैकी काहीच नसेल तर मासे मोजावेत. दगडाआड एखादा मासा मरून पडलेला असण्याचा संभव असतो.

फेस थांबल्यास प्रथम हवेची नळी तपासावी. तिच्या तोंडाशी मिठाचे खडे साचतात. कोमट गोड्या पाण्याने ते विरघळतात. त्यानंतर फेस चढतो ती मान आतून पुसावी. तेथील चिकट थरामुळे फेस मोडतो, म्हणून आठवड्यातून किमान एकदा ही सफाई व्हावी. तेलकट खाद्य घातल्यावर काही तास फेस बसतो. तो बिघाड नव्हे.

पंपाचा आवाज वाढला किंवा बुडबुडे कमी झाले, तर पंप उघडून त्याचे चाक व्हिनेगर आणि पाण्याच्या समभाग मिश्रणात तासभर भिजवावे, मऊ कुंचल्याने क्षार काढावेत व स्वच्छ धुवावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी वीजजोडणी न विसरता काढावी.

बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोड्या, क्लोरीनरहित पाण्याने भरावे, कारण मीठ मागेच राहते. फेसाबरोबर मात्र मीठही जाते. ती तूट खाऱ्या पाण्यानेच भरून काढावी. पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास राहील असे पाहावे.

जबाबदारी

संस्थेने यंत्र खरेदी करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर लेखी नोंदवून ठेवावे : सुटीच्या दिवशी फेसपात्र कोण रिकामे करणार? उन्हाळ्याच्या सुटीत शाळेला कुलूप लागते, पण माशांना सुटी नसते. ज्याच्याकडे हे काम सोपवावयाचे त्याचे नाव, पाणी बदलण्याचा दिवस आणि सुट्या भागांसाठी वार्षिक तरतूद या गोष्टी निश्चित झाल्याखेरीज पेटी मांडू नये.

पेटीतील जीव कोठून येतात, हेही पाहिले पाहिजे. प्रवाळ व समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये २००१ पासून संरक्षण मिळालेले आहे. ते समुद्रातून काढून पेटीत ठेवता येत नाहीत. विदूषक माशासारख्या काही शोभिवंत जातींचे बंदिस्त प्रजनन आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केले आहे. अशा पैदास केलेल्या माशांनाच पसंती द्यावी.

समुद्रातील जीव आपल्या पाण्याची निवड स्वतः करतात. पेटीतील जिवांसाठी ती आपण करतो. फेसयंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते, त्याची निगा मात्र रोज राखावी लागते. ती राखण्याची तयारी जेथे असेल, तेथेच खाऱ्या पाण्याची पेटी विद्यार्थ्यांना समुद्राविषयी काही शिकवू शकेल.