परक्या घरची शाळा

मंडळी, शाळा कुठे भरते? गावच्या शाळेत भरते, हे खरे. पण परक्याच्या चुलीपुढेही एक शाळा भरते. तिची ही माहिती.

पूर्वी आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. अशाने पुष्कळ जण शिकले. पण ही दारे बहुधा जातीतल्या मुलालाच उघडत. परक्याला घरात घ्यायला मन मोठे लागते.

असे मन एका अमेरिकन बाईंनी दाखवले. संगमनेरचे गोपाळराव जोशी आपल्याच जिल्ह्यातले. पत्नी आनंदीबाई हिने खूप शिकावे, अशी त्यांची जिद्द. त्यांनी मदतीसाठी लिहिलेले पत्र अमेरिकेत मिशनऱ्यांच्या एका पत्रिकेत छापून आले. कार्पेंटरबाईंनी ते वाचले. ना ओळख, ना नाते. तरी त्यांनी मदतीचे पत्र धाडले. पुढे तीन वर्षे पत्रे चालली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

१८८३ साली आनंदीबाई बोटीने अमेरिकेला गेल्या. वय अवघे १८. कॉलेज उघडेपर्यंत त्या कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. तिथे त्यांनी साडी सोडली नाही, शाकाहार मोडला नाही. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पण १८८७ साली पुण्यात वारल्या. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. बाईंनी ती आपल्या घराण्याच्या दफनभूमीत पुरली. परकी पोर घरची लेक झाली!

पुढे दोन महायुद्धे झाली. जखमी सैनिकांना गाडीतून दवाखान्यात नेणारे काही अमेरिकन स्वयंसेवक होते. त्यांची संस्था एएफएस. युद्धाचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मुले एकमेकांच्या घरी राहिली तर वैर कमी होईल, असे त्यांना वाटले. १९४७ पासून ही संस्था शाळकरी मुलांना परदेशी कुटुंबांत ठेवू लागली. आता आपल्या देशातली मुलेही त्यात जातात-येतात.

आपल्याकडेही विद्यार्थी येतात, बरं का! राहुरीच्या कृषी विद्यापीठाची मुले शेतीचे काम शिकायला खेड्यात येतात. त्यांचे पीक पुस्तकात, आपले पीक रानात. दोन्ही एकत्र आली तर दोघांचा फायदा.

म्हणून सांगतो, असा मुलगा किंवा मुलगी दारी आली, तर नुसते खाटेवर बसवून ठेवू नका. बांधावर न्या. घरात असेल ती भाकरी वाढा. जात विचारू नका. गाव विचारा. तिकडे काय पिकते, पाणी कसे देतात, ते विचारा. ती पोरे शिकतील, आणि आपणही शिकू.