सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन: आधी कायदा, मग बदल

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत आता बंदूक आहे. कुणी ती शिकारीसाठी घेतली, कुणी क्ले टार्गेट फोडायला, कुणी घराच्या रक्षणासाठी. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचे बरेच भाग घरच्या घरी, साध्या पान्याने बदलता येतात, म्हणून हात शिवशिवतात. पण एका राज्यात चालणारा भाग शेजारच्या राज्यात गुन्हा ठरतो. ग्रीन कार्डवर असलेल्याला तर हे जास्तच महाग पडतं, कारण शस्त्रविषयक गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. म्हणून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

लागणारं साहित्य

बंदुकीचं मॅन्युअल, राज्याच्या सध्याच्या नियमांची छापील प्रत, तीन फुटी सरळ लाकडी काठी, मोजपट्टी, टॉर्क पाना, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर, डोळ्यांचं आणि कानांचं संरक्षण, एक वही आणि कुलूपबंद तिजोरी.

१. आधी स्वतःची पात्रता तपासा. ग्रीन कार्डधारकाला शॉटगन घेता येते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर सहसा येत नाही. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि एफबीआयच्या यंत्रणेतून पार्श्वभूमी तपासली जाते. गांजाबद्दलचा प्रश्न नीट वाचा: राज्यात तो कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्यात नाही. मित्राला मिळत नाही म्हणून त्याच्यासाठी स्वतःच्या नावावर बंदूक घेणं हा गंभीर केंद्रीय गुन्हा आहे. इथे मैत्रीची भीड बाळगू नका.

२. राज्याचा नियम वाचा. न्यू जर्सीत खरेदीआधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं. तिथे सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनची क्षमता सहा काडतुसांहून जास्त असेल, किंवा तिला पिस्तूल ग्रिप किंवा घडीचा दस्ता असेल, तर ती बंदी असलेल्या वर्गात जाते. कॅलिफोर्नियात पिस्तूल ग्रिप आणि घडीचा किंवा सरकता दस्ता एकत्र आले की तेच होतं. टेक्सासमध्ये राज्याची अशी बंधनं नाहीत, पण केंद्रीय कायदा तिथेही लागू आहेच. दुसऱ्या राज्यात घर बदलणार असाल तर सामान बांधण्याआधी तिथला नियम वाचा.

३. नळी मोजा. केंद्रीय कायद्याने नळी किमान १८ इंच आणि पूर्ण बंदूक किमान २६ इंच हवी. याहून आखूड बंदूक १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येते आणि नोंदणीशिवाय ती बाळगली तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोजण्याची रीत अशी: बंदूक रिकामी करा (पायरी ६), बोल्ट बंद करा, काठी तोंडाकडून आत बोल्टला टेकेपर्यंत सरकवा, तोंडाशी खूण करा आणि काठी बाहेर काढून मोजा. आट्यांनी बसणारा, काढता येणारा चोक आधी काढून ठेवा. त्याची लांबी धरत नाहीत.

४. बंदूक आयात केलेली आहे का, ते पाहा. बेनेली एम४ किंवा बेरेटा १३०१ इटलीतून येतात. बेरेटा ए३०० अल्टिमा पेट्रोल टेनेसीत बनते. आयात बंदुकीत बदल करताना ९२२(आर) हे कलम आडवं येतं. कायद्याने ठरवलेल्या २० भागांच्या यादीतले दहाहून जास्त भाग परदेशी असता कामा नयेत. नळी, बोल्ट, चाप, दस्ता, मॅगझिनचा फॉलोअर हे सगळे त्या यादीत आहेत. भाग मोजून वहीत लिहा आणि अमेरिकी बनावटीच्या भागांच्या पावत्या जपून ठेवा.

५. मूळ बंदूक आहे तशी चालवा. काहीही लावण्याआधी रेंजवर तिची सवय करून घ्या. गॅसवर चालणारी बंदूक बारुदाच्या वायूने बोल्ट मागे ढकलते. इनर्शिया पद्धतीची बंदूक धक्क्याने मागे सरकते तेव्हाच तिची यंत्रणा फिरते. अशा बंदुकीवर जड सामान चढवलं की हलक्या काडतुसांवर ती अडकू शकते.

६. काम करण्यापूर्वी बंदूक रिकामी करा. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, सेफ्टी लावलेली. आधी नळीखालच्या मॅगझिनमधली काडतुसं मॅन्युअलप्रमाणे काढा, मग चेंबरमधलं. चेंबरमधलं काडतूस निघालं म्हणजे बंदूक रिकामी झाली असं समजू नका. मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर येऊ शकतं. बोल्ट मागे अडकवा, चेंबरमध्ये करंगळी घाला, मॅगझिनचा फॉलोअर बोटाने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून मगच पाना हातात घ्या.

७. एका वेळी एकच बदल करा.
- दस्ता: कारखान्यातून येणारा सुमारे १४ इंची दस्ता अनेकांना लांब पडतो. खांद्याला लावल्यावर नाक आणि अंगठा यांत दोन-तीन बोटांचं अंतर राहील असा स्पेसर निवडा.
- पट्टा: तो लोडिंग पोर्टच्या आड येता कामा नये.
- टॉर्च: स्क्रू सांगितलेल्या टॉर्कनेच आवळा आणि रंगाची रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू सैल झाला, हे लगेच दिसतं.
- मॅगझिन वाढवणं: राज्याची परवानगी असेल तरच. मॅगझिनच्या नळीची टोपी काढताना स्प्रिंग उसळून बाहेर येते, म्हणून चष्मा लावा आणि टोपीवर हात धरून हळूहळू फिरवा. बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला एकूण तीनच काडतुसं बसतील असा प्लग लागतो. तो फेकू नका.
- काडतुसांची बाजूची पट्टी: स्क्रू जास्त आवळला तर रिसीव्हर दाबला जाऊन बोल्ट अडखळतो.

८. कागदावर तपासा. प्रत्येक बदलानंतर रेंजवर जा. घरातलं सर्वांत लांब अंतर मोजा, तेवढ्यावर मोठा कागद लावा आणि तुमच्याच काडतुसांनी बार काढा. बारा बोअरच्या डबल-ओ काडतुसात सहसा आठ-नऊ छर्रे असतात. कागदावर तेवढी भोकं मोजा. जो छर्रा कागदाबाहेर गेला, तो घरात भिंतीपलीकडे जाणार आहे, आणि त्याची जबाबदारी तुमची.

९. ठेवणं आणि नेणं. घरात तिजोरीत, काडतुसं वेगळी. राज्याच्या सीमा ओलांडताना बंदूक रिकामी आणि प्रवाशांच्या हाताला लागणार नाही अशी, म्हणजे डिकीत कुलूपबंद.

१०. रोज खिशात काय असावं. शॉटगन रोज बरोबर नेण्याची वस्तू नव्हे. रोजचं साहित्य साधं असतं. पहिला, खिशातला टॉर्च: बंदुकीवरचा टॉर्च जिकडे वळतो तिकडे नळीही वळते, म्हणून अंधारात काही शोधायचं तर हातातलाच उजेड वापरा. दुसरं, टुर्निके: जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत आवळायचं आणि वेळ लिहायची. ‘स्टॉप द ब्लीड’च्या वर्गात हे हाताने शिकवतात. तिसरा, छोटा चाकू: केंद्रीय इमारतीत अडीच इंचांहून कमी पात्याचा खिशातला चाकूच चालतो, विमानात जवळ एकही नाही. मिरीचा फवारा न्यू जर्सीत पाऊण औंसापर्यंतच.

११. भारतात जाताना. रेंजची बॅग प्रवासाला कधीच वापरू नका. तळाशी विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं, तर शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

या सगळ्या पायऱ्यांत एक नियम कायम ठेवा: ज्या बदलाचा कायदा सापडला नाही, तो बदल करायचा नाही. शस्त्रविषयक वकिलाला विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत भाग डब्यातच राहू द्या. मूळ बंदूक तोवर चोख काम देते.