ई-मेल खात्यातील घुसखोरी : ओळख आणि उपाय

१९ मार्च २०१६ रोजी जॉन पोडेस्टा यांच्या ई-मेल खात्यावर एक इशारा येऊन पोहोचला. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे ते प्रमुख होते. युक्रेनमधून कोणीतरी आपला पासवर्ड वापरून खाते उघडू पाहत आहे, तरी पासवर्ड तत्काळ बदलावा, असे त्यात म्हटले होते. पत्र गूगलकडून आल्यासारखे दिसत होते. कार्यालयाने ते तंत्रसाहाय्यकाकडे विचारणेसाठी पाठविले, आणि येथपर्यंत सारे योग्यच झाले. साहाय्यकाने पासवर्ड बदलण्यासाठी गूगलचा खरा पत्ताही कळविला. तथापि ‘हे पत्र बनावट आहे’ असे लिहावयाचे असताना आपल्या हातून ‘खरे आहे’ असे लिहिले गेले, असे त्याने पुढे सांगितले. परिणामी मूळ पत्रातलाच दुवा उघडला गेला. ७ ऑक्टोबर २०१६ पासून, मतदानास महिना उरला असताना, विकिलीक्सने पोडेस्टा यांचा हजारो पत्रांचा व्यवहार जगापुढे मांडण्यास आरंभ केला. या व अशाच अन्य घुसखोरीबद्दल जुलै २०१८ मध्ये अमेरिकेत रशियन लष्करी गुप्तचर विभागाच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोप ठेवण्यात आले.

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या खात्यात चोरण्यासारखे असे काय आहे, असा प्रश्न यावर पुष्कळदा विचारला जातो. घुसखोराला पत्रांतील मजकुरापेक्षा खात्याचे स्थान अधिक मोलाचे वाटते. अन्य संकेतस्थळांचा पासवर्ड विसरल्यास नवा पासवर्ड घेण्याचा मार्ग बहुधा याच खात्यातून जातो. शिवाय कार्यालयाच्या नावाने आलेल्या पत्रावर लोक विश्वास ठेवतात. समजा, पंचायतीला पाइप पुरविणाऱ्या व्यापाऱ्याचे खाते दुसऱ्याच्या हाती गेले आणि देयक मंजूर होण्याच्या सुमारास ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असे पत्र आले. पत्ता खरा, भाषा नेहमीची, देयकाचा क्रमांकही अचूक असल्यावर संशय येणार कसा? अशा पत्राची खातरजमा पूर्वीपासून माहीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर बोलूनच करावी. त्या पत्राला उत्तर पाठवून विचारणा करणे म्हणजे चोरालाच साक्ष विचारण्यासारखे होय.

घुसखोरीच्या काही खुणा उघड असतात. नेहमीचा पासवर्ड चालत नाही. न लिहिलेली पत्रे ‘पाठविलेली पत्रे’ या कप्प्यात आढळतात. न मागितलेले सांकेतिक क्रमांक मोबाइलवर येतात. परिचितांकडून ‘आपण पैसे का मागितलेत?’ अशी विचारणा होते. खरी फसवी खूण मात्र शांततेची आहे. मुरलेला घुसखोर पासवर्ड बदलत नाही. तो खात्यात असा नियम घालून ठेवतो की, ठरावीक पत्रांची प्रत परस्पर त्याच्याकडे जावी, किंवा बँकेची पत्रे आल्याबरोबर कचऱ्याच्या कप्प्यात पडावीत. अपेक्षित पत्रे येईनाशी झाली, तर दोष नेहमी टपालाच्या विलंबाचा नसतो.

म्हणूनच केवळ पासवर्ड बदलून भागत नाही. प्रथम दुसऱ्या, निर्धोक संगणकावरून खाते उघडावे व त्यासाठी पत्ता स्वतः टंकित करावा. नवा, अन्यत्र न वापरलेला पासवर्ड द्यावा आणि सर्व उपकरणांवरील चालू प्रवेश बंद करावेत. त्यानंतर सेटिंगमध्ये परस्पर पत्रे पाठविण्याची सोय, पत्रांच्या वर्गवारीचे नियम, खात्याशी जोडलेली ॲप्स आणि खाते परत मिळविण्यासाठी नोंदविलेला मोबाइल क्रमांक व पर्यायी ई-मेल ही सर्व ठिकाणे तपासावीत. अनोळखी नोंदींची छायाचित्रे घेऊन मगच त्या काढाव्यात, कारण पुढे पोलिसांना त्यांचाच उपयोग होतो. अखेरीस दुहेरी पडताळणी सुरू करावी. पासवर्डच बदलला गेला असेल, तर खाते परत मिळविण्याचा अर्ज नेहमीच्या उपकरणावरून व नेहमीच्या ठिकाणाहून केल्यास तो मान्य होण्याचा संभव अधिक असतो.

पैसे गेले असतील तर मात्र हा क्रम उलटा करावा. आधी बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम खात्यामागून खात्यात फिरत असते, त्यामुळे ती गोठविण्यासाठी प्रत्येक मिनिट महत्त्वाचे ठरते. शासकीय संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेस कळवावी, असे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क खाली गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एक बाब कार्यालयीन शिस्तीची आहे. शाळेच्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बदलून गेलेल्या मुख्याध्यापकांचा, पासवर्ड संगणकाच्या पडद्याला चिकटविलेल्या चिठ्ठीवर आणि तो ठाऊक असलेली माणसे पाच, अशी स्थिती असल्यास संकटकाळी खाते परत मिळणे दुरापास्त होते. कार्यभार सोपविताना कपाटांच्या किल्ल्या आणि शिक्के यादीत घेतले जातात. त्याच यादीत ई-मेल खाते, त्याचा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड त्या दिवशी बदलल्याची नोंद यांनाही स्थान द्यावे.