नखांचं काम सुरू करतेयस ना, मग हे आधी ऐक

पार्लरमध्ये नखांचंही काम सुरू करायचं ठरवलंस, फार बरं केलंस बघ. पहूरच्या नवरीने नुसत्या नखांसाठी जळगाव का गाठावं? पण काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, मागवलेल्या त्या बाटल्या बघून तू गांगरलीयस. एकीवर मोनोमर, दुसरीवर पॉलिमर, तिसरीवर ठळक अक्षरात 'हेमा फ्री'. अगं, केसांच्या रंगात डेव्हलपर किती घालायचा हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. हेही जमेल.

हे सगळं एकाच घराण्यातलं आहे, मेथाक्रिलेटचं. बाटलीतला उग्र वासाचा पातळ द्रव म्हणजे मोनोमर, म्हणजे सुटे रेणू. भुकटी म्हणजे असेच रेणू आधीच जोडून झालेले, पॉलिमर, आणि तिच्यात थोडं बेंझॉइल पेरॉक्साइड मिसळलेलं असतं. ब्रश द्रवात बुडवून भुकटीला टेकवलास की टोकावर छोटा मणी धरतो. त्या मण्याकडे नीट बघ. आधी ओला आणि चकचकीत असतो, मग हळूहळू चमक उतरते. तेवढ्या वेळात त्याला आकार द्यायचा. ब्रशच्या दांडीने टकटक केल्यावर खणखणीत आवाज आला की मगच फाइल लावायची, त्याआधी नाही.

आत काय होतं सांगू? द्रवातल्या अमाइनमुळे पेरॉक्साइड फुटतं आणि साखळी सुरू होते. मुली एकमेकींचे हात धरत रांग लांबवत नेतात ना, तसा एक रेणू दुसऱ्याचा हात धरतो, दुसरा तिसऱ्याचा. जेलमध्येही हेच, फक्त तिथे सुरुवात दिव्याच्या प्रकाशाने होते. रांगेतले रेणू नखावर घट्ट बसतात. ज्यांना हात मिळाला नाही ते सुटेच राहतात, आणि त्रास देतात ते हे सुटे.

खरं सांगू का, जोडून झालेल्या पॉलिमरला घाबरायचं काहीच कारण नाही. तुझ्या आजीची गुलाबी कवळी त्याचीच असते. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचं पहिलं भिंग त्याचंच होतं. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले आणि डोळ्याने ते सहन केले. हे हॅरोल्ड रिडले या डॉक्टरांनी हेरलं आणि 1949 साली लंडनमध्ये तशाच पदार्थाचं भिंग बसवलं. 1992 साली मदुराईच्या ऑरोलॅबने अशी भिंगं स्वस्तात बनवायला घेतली आणि आपल्याकडच्या गरीब माणसालाही ती परवडू लागली. म्हणजे बघ, तू हाती घेतलेला पदार्थ केवढ्या मोलाचा आहे.

सुट्या मोनोमरचं मात्र तसं नाही. तो कातडीला पुन्हा पुन्हा लागत राहिला की अ‍ॅलर्जी होते. लगेच नाही, कधी कधी कित्येक महिन्यांनी. बोटांची टोकं खाजतात, सोलतात, भेगा पडतात, पापण्यांवर पुरळ येतं. आणि एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. पुढे दातात सिमेंट भरायचं असो की गुडघ्याचा सांधा बसवायचा असो, तिथेही हेच घराणं वापरतात, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' म्हणून अ‍ॅक्रिलेटचं, म्हणजे याच गोतावळ्याचं, नाव घेतलं होतं. यात सगळ्यात जास्त धोका ग्राहकाला नाही गं, तुला आहे. ती महिन्यातून एकदा येणार, तुझे हात रोज त्यात.

म्हणून हट्टाने सांगते: द्रव किंवा जेल कातडीला लावायचंच नाही. नखाच्या कडेला बारीक फट ठेव. लागलंच तर दिव्याखाली हात घालण्याआधी काडीने टिपून घे. लेटेक्सचे पातळ हातमोजे नकोत, मोनोमर त्यातून काही मिनिटांत आरपार जातो. नायट्रिलचे घे, तेही बदलत राहा, धुऊन पुन्हा वापरू नकोस. जेलचे थर पातळ दे. जाड थर एकदम घट्ट होताना तापतो, बाई कळवळून हात ओढते आणि आतला भाग कच्चाच राहतो. शेवटी वर चिकट थर उरतो ना, तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे न जुळलेला भाग. तो उघड्या बोटाने पुसायचा नाही, कापसावर अल्कोहोल घेऊन पुसायचा आणि कापूस झाकणाच्या डब्यात. जेलबरोबर जो दिवा वापरायला सांगितलाय तोच घे. कुठलाही स्वस्त दिवा चालेल, असं नसतं.

कोणी म्हणेल, कवळी बनवणाऱ्या लॅबचं लिक्विड स्वस्त पडतं, तेच वापर. अजिबात नाही! ते मिथाइल मेथाक्रिलेट. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला नखांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेतल्या औषध प्रशासनाने त्याच्यावर कारवाई केली होती. त्याचं नख इतकं टणक होतं की कुठे अडकलं तर खालचं खरं नखही उचकटतं, आणि अ‍ॅसिटोनमध्ये सहज सुटत नाही. तू इथाइल मेथाक्रिलेटचं घे, लेबलवर तसं लिहिलेलं असतं. 'हेमा फ्री' म्हणजे अ‍ॅलर्जी होणारच नाही असं नव्हे; हेमा हा एक मेथाक्रिलेट नसला तरी त्यात दुसरे मेथाक्रिलेट असतातच. आणि जेलच्या घटकांमध्ये टीपीओ, म्हणजे दिव्याच्या प्रकाशाने साखळी सुरू करून देणारं एक रसायन, दिसलं तर दुसरी बाटली बघ. युरोपात सौंदर्यप्रसाधनांत त्यावर 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी आहे.

आपल्याकडचा उन्हाळा तुला सांगायला नको. पत्र्याच्या खोलीत, खिडकीत, कूलरच्या मोटारीजवळ द्रवाची बाटली ठेवू नकोस. तो पेटतो, आणि उष्णतेने बाटलीतच गोळा होऊ शकतो. उदबत्ती, निरांजन दूर. दार उघडं ठेव, वाफ जमिनीलगत साचते.

लग्नसराईत नवऱ्या दोन दिवस आधी येतील. त्यांना सांग, आधी हळद होऊ दे, मग नखं. हळद जेलमध्ये मुरली तर निघत नाही. आणि ज्या बाईची बोटं आधीच लाल किंवा खाजरी दिसतील तिचं काम घेऊ नकोस, तिला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठव. पैसे गेले तरी चालतील.

पुढच्या खेपेला जळगावला येशील तेव्हा सगळ्या बाटल्या पिशवीत उभ्या ठेवून घेऊन ये. लेबलं दोघी मिळून वाचू.