पगार विचारला, खोली विचारली का?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात एका मुलाला निरोप द्यायला आम्ही जमलो होतो. आयटीआय झालेला मुलगा, वेल्डर म्हणून शारजाला निघाला होता. पगार किती, तिकीट कोण देणार, सुट्टी कधी, सगळे विचारून झाले. राहणार कुठे, असे मी विचारले तर म्हणाला, "मावशी, रूम कंपनीच देते." तेवढ्यावर विषय संपला. माझ्या मनातून मात्र गेला नाही, कारण दोन वर्षांपूर्वी माझा भाचाही एवढेच ऐकून आखातात गेला होता.

आपण नागपूरकडची माणसे उन्हाला भीत नाही. मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याखाली राहिलेलो आहोत. म्हणून पोरांना वाटते, तिकडची गरमी ती काय वेगळी! ती वेगळीच आहे, आणि का ते आपल्या कूलरवरून समजते. मे महिन्यात कूलर छान चालतो. गवताच्या जाळीवरचे पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि वारा थंड होतो. तोच कूलर ऑगस्टमध्ये लावला तर अंग नुसते चिकट होते. आपला घाम म्हणजे शरीराचा कूलरच. तो वाळला तरच अंग निवते. दुबई, शारजा, दोहा, मनामा ही शहरे समुद्राकाठची. तिथे जुलै ते सप्टेंबर आपल्या मे महिन्याचे ऊन आणि ऑगस्टची दमट हवा एकत्र येतात. घाम वाहतो, पण वाळत नाही. तिथले ४० अंश आपल्या ४५ पेक्षा जड जातात.

कायद्याने थोडे संरक्षण आहे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करून घेता येत नाही. कतारमध्ये १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत सकाळी १० ते दुपारी ३.३० बंदी असते. पण हे झाले कामाचे. दिवसभर तापलेले शरीर सावरते ते रात्रीच्या झोपेत, आणि तिथल्या उन्हाळ्यात रात्रही गरम आणि दमट असते. म्हणून खोलीतला एसी ही चैन नव्हे, तो औषधासारखा आहे.

भाच्याच्या खोलीत दहा जण होते. एसी एक, तोही भर उन्हाळ्यात तीन आठवडे बंद. संडास थोडे, पहाटे मोठी रांग. कामावर मध्येच जावे लागू नये म्हणून तो सकाळी पाणीच कमी प्यायचा. लघवी गडद पिवळी व्हायची, त्याला वाटे उष्णता वाढली. कंबर दुखली की दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी रोज घ्यायचा. पाणी कमी, घाम जास्त आणि वर वेदनाशामक गोळ्या, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर घाव बसतो. पायांना सूज घेऊन तो परत आला. क्रिएटिनिन वाढलेले निघाले. आज वय एकोणतीस, औषधे चालू आहेत. आखातातून परतलेल्या तरुणांची निकामी झालेली मूत्रपिंडे नेपाळमधले डॉक्टर कित्येक वर्षे बघत आहेत. संडासाच्या रांगेचा मूत्रपिंडाशी संबंध असेल, असे कुणाच्या मनात तरी येते का?

खोलीतला दुसरा धोका धुराचा आणि वायूचा. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. चाळीसहून अधिक भारतीय गेले, त्यातले बहुतेक धुराने गुदमरून. खाली आग आणि वर झोपलेली माणसे. म्हणून जिना मोकळा आहे का, गच्चीचे दार उघडते का, खोल्यांमध्ये प्लायवुडचे आडोसे घातलेत का, हे बघायलाच हवे. स्वतःच्या पैशाने 'बेड स्पेस' घेणाऱ्यांनी तर जास्तच. दुबईत परवानगीशिवाय असे पार्टिशन घालणे बेकायदा आहे.

थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. ढेकूण मारायला काही जण धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या खोलीत ठेवतात. ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि भिंतीच्या फटींतून, एसीच्या वाटेने शेजारच्या खोलीत जातो. यावर उतारा नाही. शेजारी औषध मारणार असल्याचे कळले आणि मळमळ, छातीत जडपणा वाटू लागला, तर लगेच बाहेर पडून दवाखाना गाठावा.

धुळीचे थोडक्यात सांगते. कामगारांच्या वसाहती बहुधा कारखान्यांच्या भागात असतात आणि वाळूची वादळेही येतात. दम्याच्या माणसाने पंप बरोबर न्यावा. बायकामुले नेणार असाल तर दोन पैसे जास्त गेले तरी घर मोठ्या रस्त्यापासून आणि कारखान्यांपासून लांब घ्यावे. गच्चीवरच्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात एवढे तापते की तिकडचे लोक गीझर बंद ठेवून त्यातलेच पाणी गार म्हणून वापरतात. टाकी शेवटची कधी धुतली, हेही विचारावे.

हे सगळे विचारायचे कुणाला? एजंट सरकारच्या ईमायग्रेट यादीत आहे का ते आधी बघा. मग त्याच कंपनीत असलेल्या एखाद्या मुलाचा नंबर मागा आणि रात्री व्हिडिओ कॉल करा. दिवसा खोली रिकामी असते, रात्री खरी दिसते. जाण्यापूर्वी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासून कागद जपून ठेवा, म्हणजे पुढे काही बिघडले तर कधी बिघडले ते कळेल.

निरोपाच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आईने एजंटला फोन लावला. एका खोलीत किती जण आणि संडास किती, एवढेच विचारले. तो म्हणाला, "ताई, असे आजवर कुणी विचारले नाही, बघून सांगतो." चार दिवसांनी उत्तर आले, आठ जण. संडासाचा आकडा अजून आलेला नाही. ती रोज सकाळी फोन लावते.