कोळशाचा ढीग आणि दोन पंतप्रधान

पॉवर प्लांटच्या लेक्चरला कोल हँडलिंगचा चॅप्टर आला की अर्धा वर्ग झोपतो. कन्व्हेयर, क्रशर, कोल यार्ड, संपलं! पण मित्रांनो, ब्रिटनमध्ये याच कोल यार्डने एक सरकार पाडलं आणि दुसरं तारलं.

सन १९७३. पंतप्रधान होते हुजूर पक्षाचे एडवर्ड हीथ. महागाई आवरायला त्यांनी पगारवाढीवर कायद्याने मर्यादा घातली होती. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि तेल भडकलं. देशाची बहुतांश वीज कोळशावर, म्हणजे चावी खाणकामगारांच्या हातात! नोव्हेंबरमध्ये त्यांनी ओव्हरटाइम बंद केला. खाणींची बरीचशी देखभाल ओव्हरटाइममध्येच होत असे, त्यामुळे उत्पादन भराभर घसरलं.

वीज पुरवून वापरायची म्हणून १ जानेवारी १९७४ पासून 'थ्री-डे वीक' आला. बहुतेक कारखाने आणि ऑफिसांना आठवड्यातून सलग तीनच दिवस वीज. टीव्ही रात्री साडेदहाला बंद. फेब्रुवारीत पूर्ण संपाची घोषणा झाली, तेव्हा हीथनी निवडणूकच लावली. प्रश्न एकच: देशावर राज्य कोणाचं, सरकारचं की युनियनचं? २८ फेब्रुवारीला लोकांनी मजूर पक्षाला ३०१ आणि हुजूर पक्षाला २९७ जागा दिल्या. बहुमत कोणालाच नाही. हीथ गेले, हॅरॉल्ड विल्सन आले, कामगारांना पगारवाढ मिळाली.

पण मजूर पक्षालाही कामगार आवरले नाहीत. कॅलहन पंतप्रधान असताना १९७८-७९ च्या हिवाळ्यात ५ टक्क्यांच्या पगारमर्यादेविरुद्ध ट्रक ड्रायव्हरपासून हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांपर्यंत सगळे संपावर गेले. लिव्हरपूलमध्ये तर कबरी खणणारेसुद्धा! २८ मार्च १९७९ ला सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने पडलं आणि मे महिन्यात मार्गारेट थॅचर आल्या.

थॅचरबाई हीथच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री होत्या. १९७४ चा पराभव त्यांनी आतून पाहिला होता. पक्ष विरोधात असतानाच निकोलस रिडली यांनी एक अहवाल तयार केला होता. त्यातला सल्ला साधा: आधी वीजकेंद्रांत कोळसा साठवा, तेलावरही चालतील असे बॉयलर ठेवा, मग भांडा. १९८१ मध्ये संपाची चिन्हं दिसताच थॅचरबाईंनी माघार घेतली, कारण ढीग पुरेसा नव्हता. मग साठा वाढत गेला.

मार्च १९८४ मध्ये २० खाणी बंद करायचं जाहीर झालं. २०,००० नोकऱ्या जाणार होत्या. आर्थर स्कारगिल यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, पण हिवाळा संपता संपता, यार्ड भरलेली असताना. देशभर मतदान न घेता संप पुकारल्यामुळे नॉटिंगहॅमशायरचे बहुतेक कामगार कामावरच राहिले. आख्खा हिवाळा गेला, वीज काही गेली नाही. मार्च १९८५ मध्ये कामगार कोणताही करार न होता परतले.

इंजिनीअर म्हणून पाहिलं तर हे इन्व्हेंटरी मॅनेजमेंटचं झकास उदाहरण आहे. पण मला तेवढ्यावर थांबवत नाही. वर्षभर त्या घरांत पगार आला नव्हता. खाणींच्या गावांत बायकांनी सार्वजनिक स्वयंपाकघरं चालवून माणसं जगवली. मतदान न घेणं ही स्कारगिल यांची चूक होती, असं माझं मत आहे. पण यादी २० खाणींवर थांबणार नाही, हे ते ओरडून सांगत होते. सरकारने तेव्हा ते नाकारलं. २०१४ मध्ये जुनी कागदपत्रं खुली झाली, त्यांत ७५ खाणी बंद करायचा बेत निघाला.

शेवटची खोल खाण, केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं कोळशाचं वीजकेंद्रही थांबलं. ते होतं नॉटिंगहॅमशायरमध्येच. हवेच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण वीज टिकावी म्हणून कोळसा साठवून ठेवण्याचा सल्ला रिडलींच्या अहवालात होता. खाण गेल्यावर ते गाव किती दिवस टिकेल, हा हिशोब कोणी मांडला होता? प्लांट डिझाइन करताना हा कॉलम आपल्या शीटवर असायला हवा, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?